टेस्ला कॉइलच्या कपॅसिटरची पार्श्वभूमी

घरी टेस्ला कॉइल, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या लांब ठिणग्या टाकणारं यंत्र, बांधताना सगळ्यात जास्त वेळ सेकंडरीची, म्हणजे ठिणग्या टाकणाऱ्या वेटोळ्याची, तार गुंडाळण्यात जातो, पण कॉइल पुरेशी पेटणार की नाही ते चार्ज साठवणारा कपॅसिटर ठरवतो. त्याची धारकता, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, किती हवी, हे गणिताने निघतं. त्याच्या दोन पत्र्यांमध्ये विद्युतरोधक कोणता घालायचा, हा प्रश्न मात्र पहिल्या कपॅसिटरपासून आहे.

तो पहिला कपॅसिटर म्हणजे काचेची बरणी. १७४५ मध्ये पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट यांना आणि पुढच्या काही महिन्यांत हॉलंडमधल्या लायडन इथे मुसेनब्रुक यांना तो स्वतंत्रपणे सापडला. आत पाणी, मध्ये काच आणि बाहेर बरणी धरलेला माणसाचा हात. तो हातच बाहेरचा पत्रा होता, हे कुणाच्या लक्षात येण्याआधी जबर झटका बसला. फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, असं मुसेनब्रुक यांनी लिहून ठेवलं. पुढे पाणी आणि हात जाऊन काचेला आतून-बाहेरून धातूचा वर्ख लागला. तीच लायडन जार.

जार रिकामी होते तेव्हा वीज एकदाच वाहून थांबते, असा समज जवळपास शंभर वर्षं होता. १८४२ मध्ये जोसेफ हेन्री यांनी जारच्या ठिणगीने सुया चुंबकित केल्या आणि त्यांची टोकं कधी एका बाजूने, कधी उलट्या बाजूने भारली जातात हे पाहिलं. याचा अर्थ वीज पुढेमागे झोके घेत होती. १८५३ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, त्या झोक्यांचं गणित मांडलं. वारंवारता = १ ÷ (२π√एलसी) (एल म्हणजे वेटोळ्याचं प्रेरकत्व, सी म्हणजे धारकता) हे सूत्र कॉइल बांधणारा प्रत्येक जण आज वापरतो, ते याच गणितातलं. १८८९ मध्ये ऑलिव्हर लॉज यांनी दोन जार दोन वेगळ्या वेटोळ्यांना जोडून दाखवल्या. वेटोळी जुळली की एका जारच्या ठिणगीने दुसरी जारही ठिणगी टाकायची. ट्यूनिंग म्हणतात ते हेच, आणि माझ्या मते टेस्ला कॉइलची खरी पूर्वज ही जोडगोळी आहे.

निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये हे तत्त्व उच्च दाबाच्या कामाला लावलं. त्याच वर्षी त्यांनी कपॅसिटरचं एक स्वतंत्र पेटंट घेतलं. त्यात पत्रे तेलात बुडवून हवा पूर्ण बाहेर काढली होती. कारण सोपं आहे: पत्र्याच्या कडेला हवेचा बुडबुडा राहिला की तिथे जांभळी चमक दिसते, ओझोनचा उग्र वास येतो आणि थोड्याच वेळात त्या जागी विद्युतरोधकाला भोक पडतं. १८९९ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत त्यांनी बाटल्यांत मिठाचं पाणी भरून त्या मिठाच्याच पाण्याच्या टाकीत उभ्या केल्या. पाण्याचे पत्रे काचेला असे चिकटून बसतात की मध्ये हवेला जागाच उरत नाही. पुढे रेडिओ यंत्रणांतही जार इतक्या रुळल्या की ब्रिटिश नौदल धारकता ‘जार’ या एककातच मोजायचं. एक जार म्हणजे १.११ नॅनोफॅरड.

हौशी मंडळींनी बाटल्यांचा मार्ग पुढे बरीच वर्षं धरला. स्वस्त आहे, पण काच उच्च वारंवारतेला तापते आणि त्यात ऊर्जा वाया जाते. पॉलिथिनच्या गुंडाळ्या तेलात बुडवून पाहिल्या, त्याही एक दिवस फुटत. मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमएमसी, म्हणजे ‘मल्टी-मिनी कपॅसिटर’, रुळली: पॉलिप्रॉपिलीनचे छोटे तयार कपॅसिटर ओळीने जोडायचे. पॉलिप्रॉपिलीन फार कमी तापतं, हा त्याचा मोठा गुण. पॉलिएस्टरचा तसाच दिसणारा कपॅसिटर इथे घालू नये; तो तापून जातो.

आकडा कसा काढतात ते एका उदाहरणातून पाहू. १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा निऑन साइनचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर असेल तर त्याच्याशी नेमका जुळणारा कपॅसिटर सुमारे ६.४ नॅनोफॅरडचा. पण नेमकं जुळवणं इथे घातक ठरतं. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, वेळेवर पेटला नाही तर दाब चढत जातो आणि ट्रान्सफॉर्मरचं आतलं इन्सुलेशन फाटतं. म्हणून साध्या स्थिर गॅपसाठी साधारण दीडपट धरतात. ०.१५ मायक्रोफॅरड, २,००० व्होल्टचे १६ कपॅसिटर एका ओळीत लावले की ९.४ नॅनोफॅरड आणि ३२,००० व्होल्टची क्षमता मिळते. शिखर दाब सुमारे २१,२०० व्होल्ट, म्हणजे पुरेशी राखीव ताकद. प्रत्येकावर १० मेगाओमचा रेझिस्टर हवाच. बंद केलेल्या ओळीतही सुमारे दोन जूल ऊर्जा उरू शकते, आणि एकदा शॉर्ट केल्यावरही विद्युतरोधकातून थोडा चार्ज परत वर येतो. तेव्हा हात लावण्याआधी टोकं शॉर्ट करायची आणि शॉर्टची तार तशीच लावून ठेवायची.

एवढी ओळ सोल्डर केल्यावर धारकता बदलणं जिवावर येतं, म्हणून ट्यूनिंग प्रायमरीवर, म्हणजे कपॅसिटरला जोडलेल्या वेटोळ्यावर, करतात. टेस्ला यांनीही कोलोराडोत प्रायमरीच्या परिपथात फिरवता येणारं वेगळं वेटोळं ठेवलं होतं. घरच्या कॉइलमध्ये तेच काम प्रायमरीच्या तांब्याच्या नळीवरची क्लिप करते. गणिताने आलेल्या जागेपासून ती पाव-पाव वेढा बाहेर सरकवत जायची, दर वेळी वीज तोडून आणि कपॅसिटर शॉर्ट करून. बाहेर अशासाठी, की सेकंडरीच्या टोकातून निघालेली ठिणगीची झाडं स्वतःच थोडी धारकता वाढवतात आणि सेकंडरीची वारंवारता खाली ओढतात. झाडं जितकी लांब, तितकी क्लिप बाहेर जाते.