मुलांसाठी कोणत्या काळातला ॲनिमेशनपट निवडावा? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन आम्ही घरी, शाळेत किंवा एखाद्या छोट्या सभागृहात चित्रपटाचा खेळ लावतो. नोंदणी करताना बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात, "मुलांसाठी नवीन काय आलंय?" नवीन पुष्कळ आहे आणि आम्ही ते आनंदाने दाखवतो. पण कौटुंबिक ॲनिमेशनपटांच्या मागे जवळजवळ शंभर वर्षांचे काम उभे आहे. त्यातले फक्त कालपरवाचे तेवढे घेणे म्हणजे मुलांच्या वाट्याचे बरेच काही परस्पर बाजूला ठेवणे. आमचे मत असे, की चित्रपट कोणत्या साली निघाला हे दुय्यम. तो मुलाला बघायला किती अवकाश देतो, हे पाहून निवड करावी. प्रत्येक काळाची साधने वेगळी होती आणि त्या साधनांनीच चित्रपटाचा वेग ठरवला. म्हणून हे पत्रक.

हाताने काढलेली चित्रे

आज टिकून असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९२६ सालचा आहे. जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी कात्रीने कापलेल्या काळ्या आकृत्या एकेक करून हलवत 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद' पुरा केला. घरोघरी माहीत असलेली परंपरा मात्र सुरू होते ती डिस्नेच्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स'पासून. त्याचा पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला.

हा चित्रपट ८३ मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे पडद्यावर झरझर बदलणाऱ्या स्थिर प्रतिमा) धरल्या तर जवळपास १ लाख २० हजार चौकटी होतात. पात्राचे चित्र आधी पेन्सिलीने कागदावर काढायचे, ते पारदर्शक तावावर (त्याला 'सेल' म्हणत) शाईने गिरवायचे, मागच्या बाजूने रंग भरायचा, सेल रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचा आणि एक चौकट टिपायची. मग पुढची. एवढे कष्ट पडत असताना हे चित्रकार फक्त गोष्ट पुढे ढकलण्यासाठी चित्रे काढत असतील असे वाटेल. प्रत्यक्षात त्यांनी उलटे केले.

बुटके हात धुतात तो प्रसंग पाहा. जेवणाआधी स्नो व्हाइट त्यांचे हात तपासते आणि त्यांना बाहेर पिटाळते. पाण्याला बोट लावावे की नाही, यावरच त्यांची खलबते चालतात. कुरकुऱ्या बुटका हटून बसतो, तर बाकीचे त्याला उचलून पाण्यात बुचकळतात. सर्वांत धाकट्या, न बोलणाऱ्या डोपीच्या हातून साबण सटकतो. त्याच्यामागे धावता धावता तो साबण गिळतो आणि मग प्रत्येक उचकीला त्याच्या तोंडातून फुगा बाहेर येतो. या सगळ्या वेळात कथा तसूभरही पुढे सरकत नाही. पण सात जणांचे सात स्वभाव मुलांना कळून चुकतात, तेही कोणी सांगितल्याशिवाय. जुन्या चित्रपटांना संथ म्हणतात ते याच जागांमुळे. आम्हाला त्या संथ वाटत नाहीत. तिथे पाहण्यासारखे सर्वांत जास्त असते.

मात्र "जुने म्हणजे सौम्य" असे धरून चालू नका. याच चित्रपटात मुलगी रानातून पळते तेव्हा झाडांच्या फांद्यांचे पंजे होतात आणि अंधारात चहूकडे डोळे उघडतात. १९४० च्या 'पिनोकिओ'त एक उनाड पोरगा गाढव होतो. आईला हाक मारता मारता त्याच्या हातांचे खूर होतात आणि तो पोरगा पुन्हा माणसात येताना दिसत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, याचा विचार आधी करावा. त्या वयासाठी आम्ही सहसा १९४१ चा 'डम्बो' सुचवतो. तो जेमतेम ६४ मिनिटांचा आहे आणि त्यातले हत्तीचे पिल्लू अख्ख्या चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. कोंडून ठेवलेली आई गजांतून सोंड बाहेर काढून पिल्लाला झुलवते, तेव्हा दोन वर्षांच्या मुलालाही अर्थ सांगावा लागत नाही. त्यातल्या कावळ्यांच्या चित्रणात त्या काळातल्या अमेरिकेचा वर्णद्वेष उतरला आहे. 'पीटर पॅन' (१९५३) मधले मूळ अमेरिकन लोकही असेच विपर्यस्त रंगवले आहेत. असे चित्रपट लावण्याआधी आम्ही मोठ्यांना तशी कल्पना देतो. मुलांशी त्यावर दोन वाक्ये बोलावीत, असा आमचा आग्रह आहे.

एकच दुःख, दोन काळ

काळांमधला फरक समजून घ्यायचा असेल तर आम्ही नेहमी दोन चित्रपट पुढे ठेवतो, 'बॅम्बी' (१९४२) आणि 'द लायन किंग' (१९९४). दोन्हींत पिल्लाच्या डोळ्यांदेखत त्याचे जग कोसळते.

'बॅम्बी'त आई आणि पाडस बर्फातून डोकावणारे कोवळे गवत खात असतात. आईला चाहूल लागते. ती पाडसाला पुढे घालून पळते. बंदुकीचा आवाज येतो. पाडस झाडीत पोचते, मागे वळते, तर आई नाही. बर्फ पडत राहतो आणि ते हाका मारत फिरते. गोळी घालणारा माणूस दिसत नाही, आईचे कलेवरही दिसत नाही. 'द लायन किंग'मध्ये मात्र बाप खाली पडलेला समोर दिसतो. छावा त्याचा कान ओढून त्याला उठवू पाहतो आणि शेवटी त्याच्याच पंजाखाली शिरून बसतो.

यातले कोणते बरे, याचे एक उत्तर आमच्याकडे नाही, कारण ते मुलावर अवलंबून आहे. न दाखवलेली गोष्ट काही मुलांच्या मनात फार मोठी होते. काहींना समोर दिसलेले कळते आणि ती रडून मोकळी होतात. आपले मूल कसे आहे हे आपल्यालाच ठाऊक. ते आम्हाला सांगितलेत, तर निवड नेमकी होते.

मधली वर्षे

डिस्नेचा १९५९ चा 'स्लीपिंग ब्यूटी' अतिशय रुंद पडद्यासाठी, प्रत्येक पान-फांदी कोरून काढावी अशा थाटात बनला. त्यावर प्रचंड खर्च झाला आणि पहिल्या फेरीत तो भरून निघाला नाही. पुढच्याच चित्रपटात, १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स'मध्ये, शाईने गिरवण्याचे कामच काढून टाकले. झेरॉक्सच्या तंत्राने पेन्सिलीची रेघ थेट सेलवर उमटवली. म्हणून त्यातली रेघ खरखरीत आणि काळी दिसते. कधी कधी चित्रकाराच्या जादा रेघाही राहून गेलेल्या दिसतात. काही जण याला उतरती कळा म्हणतात. आम्हाला ती रेघ फार आवडते. चित्रकाराचा हात जसा चालला तसाच तो पडद्यावर पोचतो.

पुढे खर्चाची ओढाताण वाढली. १९७३ च्या 'रॉबिन हूड'मधल्या नाचात 'स्नो व्हाइट'मधल्या जुन्या हालचाली पुन्हा वापरल्या आहेत. दोन्ही चित्रपट ओळीने पाहणारी मोठी मुले हे बरोबर पकडतात. १९७९ मध्ये ॲनिमेशन-चित्रकार डॉन ब्लूथ आपले सहकारी घेऊन डिस्नेतून बाहेर पडले. त्यांचा ६९ मिनिटांचा 'द लँड बिफोर टाइम' (१९८८) डायनोसॉरवेड्या मुलांना हमखास धरून ठेवतो.

जपानची वेगळी वाट

स्टुडिओ जिब्ली १९८५ मध्ये स्थापन झाला. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८) आमच्या यादीतला सर्वांत लाडका चित्रपट आहे, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. त्यात खलनायक नाही.

बसथांब्याचा प्रसंग जमेल तेव्हा मुलांच्या शेजारी बसून बघा. पाऊस पडतोय. थोरली बहीण धाकटीला पाठीवर घेऊन बाबांची वाट बघत उभी आहे, हातात बाबांसाठी आणलेली छत्री. बस येत नाही, धाकटी झोपते. शेजारी डोक्यावर एक पान घेतलेला भलामोठा प्राणी येऊन उभा राहतो. मुलगी त्याला बाबांची छत्री देते. झाडावरून निथळणारे थेंब छत्रीवर टपटपतात आणि त्या आवाजाने तो हरखून जातो. मग तो एक उडी मारतो आणि झाडावरचे सगळे पाणी एकदम कोसळते. बराच वेळ संवाद जवळपास नाहीत, पार्श्वसंगीतही थोडेच. एरवी पाच मिनिटे एका जागी न बसणारी मुले इथे गप्प होतात, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. याच स्टुडिओचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' जपानमध्ये 'टोटोरो'सोबत एकाच दिवशी प्रदर्शित झाला होता. तो थोर चित्रपट आहे, पण युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांची ती गोष्ट लहान मुलांसाठी नाही. फक्त स्टुडिओचे नाव बघून निवड करू नये.

गाणी, मग संगणक

१९८९ च्या 'द लिटल मरमेड'पासून डिस्नेचे दिवस पालटले. गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकन ही जोडी रंगभूमीवरून आली आणि संगीत नाटकाची शिस्त सोबत घेऊन आली. नायिकेला काय हवे आहे ते ती सुरुवातीलाच गाण्यातून सांगते आणि पुढची कथा त्या गाण्याच्या मागे चालते. १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला ॲनिमेशनपट. त्यातला नाचाचा दिवाणखाना संगणकावर उभारला आहे, नाचणारी जोडी हाताने काढलेली. दोन काळ एकाच चौकटीत बघायचे असतील तर याहून चांगली जागा नाही. 'द लायन किंग'मधल्या बेफाम धावणाऱ्या कळपाच्या अडीच मिनिटांसाठी दोन वर्षांहून अधिक काळ खपावे लागले.

नोव्हेंबर १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' आला, संपूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. नायक खेळणीच का, यामागे तांत्रिक कारणही होते. त्या वेळच्या संगणकाला गुळगुळीत प्लास्टिक छान जमे, कातडी आणि केस जमत नसत. त्यातली माणसे आणि कुत्रा नीट बघितलेत तर हे दिसून येईल. पुढे एकेक कोडे सुटत गेले. २००१ च्या 'मॉन्स्टर्स, इंक.'मधल्या निळ्या राक्षसाच्या अंगावर २० लाखांहून अधिक केस आहेत. २००३ च्या 'फाइंडिंग नीमो'त पाणी जमले. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे चित्रपट आम्ही मुद्दाम सालवार दाखवतो. या वेळी काय नवीन साधले, ते त्यांचे तेच शोधून काढतात.

या काळात विनोदाचा वेग वाढला आणि मोठ्यांसाठीचे टोमणेही आले. २००१ च्या 'श्रेक'मध्ये परीकथांची जी थट्टा आहे, ती ज्याला मूळ परीकथा माहीत आहेत त्यालाच नीट कळते. म्हणून 'श्रेक' पाहण्याआधी एक-दोन जुने चित्रपट पाहिलेले असावेत.

अलीकडचे चित्र मात्र आम्हाला फार आशादायक वाटते. सगळे हुबेहूब करण्याची धडपड ओसरली आहे. 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मध्ये छापील चित्रकथेचे ठिपके आणि रेघा मुद्दाम ठेवल्या आहेत. नवशिक्या स्पायडर-मॅनची, म्हणजे माइल्सची, हालचाल सेकंदाला १२ चित्रांची ठेवून आणि सरावलेल्या स्पायडर-मॅनची, म्हणजे पीटरची, २४ चित्रांची ठेवून दोघांतला फरक दाखवला आहे. २०२४ चा लॅटव्हियातला 'फ्लो' तर ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर बनला आणि त्याने ऑस्कर जिंकले. पुरात सापडलेल्या मांजराच्या या गोष्टीत एकही संवाद नाही. घरात दोन-तीन भाषा बोलणारी माणसे असतील आणि मुलांना उपशीर्षके वाचता येत नसतील, तर हा चित्रपट आधी मागा.

घरच्या टीव्हीवर बघणार असाल तर

दोन गोष्टी कृपया तपासा. यात आमचा काही व्यवसाय नाही, पण त्यावाचून चांगला चित्रपटही वाया जातो.

पहिली, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, पण ती बहुधा चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' या शब्दाखाली सापडते. हाताने काढलेल्या चित्रपटांत बरेचदा एक चित्र दोन चौकटी टिकते. ही सोय चालू असली की टीव्ही मधली चित्रे स्वतःच बनवून घुसडतो, रेघा विरघळतात आणि चित्रकाराने मोजून ठेवलेला ठेका बिघडतो. ती बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला की पुरे.

दुसरी, चौकटीचा आकार. १९५० पूर्वीचे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत बनले. टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. चित्र ताणले तर बुटके जाडे होतात आणि 'झूम' केले तर डोकी कापली जातात. १९५५ च्या 'लेडी अँड द ट्रॅम्प'सारख्या रुंद चित्रपटांना पट्ट्या वर-खाली येतात. त्या तशाच राहू द्याव्यात.

नोंदणी करताना

मुलांची वये, सर्वांत लहान मूल किती वेळ बसते, आणि कोणत्या गोष्टीला ते घाबरते, एवढे सांगा. लहानमोठी मुले एकत्र असतील तर आम्ही ७० मिनिटांच्या आतला चित्रपट सुचवतो आणि मोठ्यांसाठी दुसरा खेळ वेगळा ठेवतो. 'स्पिरिटेड अवे' दोन तासांचा आहे. तो हवा असेल तर मध्यंतर कुठे घ्यायचे ते आम्ही आधी ठरवून ठेवतो, कारण त्यात मध्येच कुठेही थांबले तर मुले अस्वस्थ होतात. शाळेत किंवा सभागृहात खेळ असेल तर हक्कधारकांची परवानगी लागते. ती आम्ही काढतो, पण त्यासाठी थोडे आधी कळवावे.

प्रेक्षकांत कोणाला अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा त्रास असेल तर ते आवर्जून सांगा. अलीकडच्या काही चित्रपटांत झपाट्याने उघडझाप होणारे प्रकाशझोत आहेत. 'इन्क्रेडिबल्स २' (२०१८) च्या वेळी चित्रपटगृहांनी तशा सूचना लावल्या होत्या. असे प्रसंग असलेला चित्रपट आम्ही त्या दिवशी लावणार नाही, दुसरा देऊ.