फ्लॅटच्या बुकिंगला वीस टक्के भरावेच लागतात?

कोल्हापुरात कळंबा, फुलेवाडी, उजळाईवाडीकडं नवी स्कीम बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आधी वीस-पंचवीस टक्के भरा, करार नंतर बघू.' मग लोक घाईनं एफडी मोडतात, सोनं गहाण टाकतात.

हे चूक आहे. बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याचं (2016) कलम 13 म्हणतं की नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 50 लाखांच्या फ्लॅटला 5 लाख, बस्स. 'अ‍ॅडव्हान्स' म्हणा किंवा 'अर्ज फी', मर्यादा तीच. महाराष्ट्राच्या नमुना करारात पुढचे टप्पेही दिलेत: करारानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर 45 पर्यंत.

खरी ओढाताण वेगळीच असते. 50 लाखांच्या घरावर बँक जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज देते, आणि बहुतेकदा तुमचा वाटा भरून झाल्यावरच पहिला हप्ता सोडते. कर्ज ठरवताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी घराच्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे 10 लाख आणि वरचा खर्च हाताशी हवा. एफडीची मुदत कराराच्या तारखेशी जुळवा, कर्जमंजुरी आधी घ्या. आणि कृपा करून जादा रक्कम रोखीनं, कच्च्या पावतीवर देऊ नका.