हॉस्पिस म्हणजे नुसतं घरी नेऊन ठेवणं नाही हो

परत तेच कानावर आलं. कुत्रा म्हातारा, कॅन्सर पसरलेला, डॉक्टरांनी हात टेकले आणि घरचे सांगतायत, "आम्ही त्याचं घरीच हॉस्पिस करतोय." बरं, दुखण्यावर काय चालू आहे? काही नाही, सगळी औषधं बंद केली, आता शांतपणे जाऊ दे. अहो, हॉस्पिस म्हणजे आजार बरा होणार नाही हे ठरल्यावर शेवटचे दिवस कमीत कमी त्रासात जावेत म्हणून केलेली शुश्रूषा. मग हे हॉस्पिस कसलं? हे घरी नेऊन ठेवणं झालं. ते आपल्याकडे सगळ्यांना माहितीये: कोपऱ्यात गोधडी, शेजारी पाण्याचं भांडं, येता-जाता डोक्यावरून हात, आणि "देवाच्या मनात असेल तेव्हा". माया खरी असते, त्याबद्दल वादच नाही. पण मायेने कळ थांबत नाही.

गोंधळ होतो तो "उपचार थांबवले" इथे. हॉस्पिसमध्ये रोगाशी मारामारी थांबते, म्हणजे केमो नको, ऑपरेशन नको, दर आठवड्याला रक्त काढणं नको. पण दुखणं, मळमळ, धाप, तहान, जखमा, या एकेका त्रासावरचं काम वाढतं, बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त. माणसांच्या बाबतीत हे आपल्याला बरोबर कळतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन, कॅन्सरच्या पेशंटचं हॉस्पिस, 1986 पासून चालू आहे, तिथे पेशंटला नुसतं झोपवून ठेवतात असं कोणी म्हणेल का? मग मुक्या जनावराच्या वेळी अक्कल कुठे जाते? आणि खरं सांगायचं तर थोडा दोष डॉक्टरांचाही आहे, "घरी न्या, सेवा करा" एवढं म्हणून मोकळे होतात, चिठ्ठीवर एक पेनकिलर लिहीत नाहीत. सेवा म्हणजे नक्की काय करायचं ते कोण सांगणार?

तर ते असं असतं. किडनी गेलेली मांजर घ्या. अंगातलं पाणी भरून काढायला कातडीखाली सलाइन द्यायचं असतं. रिंगर लॅक्टेटची (सलाइनचाच एक प्रकार) बाटली कोमट पाण्यात ठेवून थोडी गरम करायची, खिडकीच्या ग्रिलला उंच टांगायची, मांजर मांडीवर टॉवेलात, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलायची की खाली तंबूसारखी पोकळी होते, सुई त्यात. डॉक्टरांनी सांगितलेलं माप गेलं की सुई काढून तिथे जरा वेळ बोट दाबून धरायचं. पाठीवर फुगवटा येतो, मग तो घसरत एखाद्या पायापाशी उतरतो, बघून घाबरायला होतं पण काही तासांत जिरतो. (हृदयाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.) सोबत उलटीचं औषध, कारण किडनीच्या मांजरीला भूक नसते असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तिला मळमळत असतं.

किंवा मागचे पाय गेलेला लॅब्रॅडॉर. दर काही तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीसुद्धा, नाहीतर कंबरेच्या हाडावर आणि कोपरांवर चट्टे पडतात. शेपटीखालचे केस कापून ठेवायचे, लघवी लागली की धुवून कोरडं करायचं, उठवताना पोटाखालून टॉवेल घालायचा. आणि पेनकिलर घड्याळाप्रमाणे द्यायचं, कण्हायला लागल्यावर नाही!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "पण तो ओरडत नाही ना, म्हणजे दुखत नसेल." हे वाक्य मला ऐकवत नाही. कुत्री-मांजरी दुखणं दाबतात. पंखा चालू असताना रात्री विनाकारण धापणारा, बसायला जागाच न सापडणारा, एकच पंजा चाटत राहणारा कुत्रा दुखण्यातच असू शकतो. मांजर तर कळ सोसतानाही, खुशीत असल्यासारखी, घुरघुरते. तिचा चेहरा बघा: कान बाजूला वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, मिशा ताठ. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी 2019 मध्ये यावरून चेहरा वाचून दुखणं मोजायची पट्टीच प्रसिद्ध केली.

"नैसर्गिक मरण" चांगलंच, असं धरून चालू नका. किडनी निकामी होऊन जाणं म्हणजे उलट्या, तोंडात फोड, कधी झटके, तेही दिवसेंदिवस.

आणखी दोन गोष्टींत गोंधळ होतो. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, आजार कळला त्या दिवसापासून चालू करता येते, हॉस्पिस म्हणजे तिचा शेवटचा टप्पा. आणि दयामरणाचं इंजेक्शन देणं हे हॉस्पिसच्या विरुद्ध नाही, ती वाट त्यातच उघडी ठेवलेली असते. आधी गुंगीचं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, काही मिनिटांत हृदय थांबतं. ज्यांना ते मनाला पटत नाही त्यांनी नको म्हणावं, पण मग औषधं हाताशी आणि डॉक्टर फोनवर हवेत.

ती वेळ कशी ओळखायची? अमेरिकेतल्या डॉ. ॲलिस विलालोबोस यांची सात मुद्द्यांची पट्टी आहे: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी मार्क, बेरीज 35 च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. पट्टी चांगलीच आहे पण मी बेरजेवर विसंबून राहणार नाही. श्वास नीट घेता येत नसेल तर सगळ्या मुद्द्यांचे मार्क गेले खड्ड्यात, त्याच दिवशी डॉक्टर. हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याचे झोपेतले श्वास मोजा, मिनिटाला तिसाच्या वर जायला लागले की फोन करा, सकाळची वाट बघू नका.

आणि कृपा करून घरातलं औषधांचं कपाट उघडू नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करतं, किडनी बिघडवतं. डायक्लोफेनॅक हे पेनकिलर तर, ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मेली म्हणून, 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी बंद झालं, तरी कोणी ना कोणी माणसांचं इंजेक्शन आणून टोचतंच. त्यापेक्षा घरी नेण्याआधी डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसा आणि लिहून घ्या: दुखण्यावर कोणती गोळी, वजनाप्रमाणे किती, त्याने भागलं नाही तर वरून काय द्यायचं, आणि रविवारी रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा.