राबाची टहाळी आणि जंगलखातं

ठाणे-रायगडच्या डोंगरउतारावर भाताची रोपं करायची तर आधी राब भाजावा लागे. वाफ्यावर शेण, त्यावर ऐनाची टहाळं, गवत, पाचोळा आणि शेवटी मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात हे सगळं पेटवायचं आणि पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं. वनहक्काच्या वादाचं मूळ सांगताना मला याच टहाळीपासून सुरुवात करावीशी वाटते.

इंग्रजांना आधी हवा होता तो साग, जहाजांसाठी. १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसनची नेमणूक त्यासाठीच झाली. मग रेल्वे आली, स्लीपरांसाठी तोड वाढली आणि १८६४ मध्ये जंगलखातं उभं राहिलं. ब्रह्मदेशातल्या सागवनांची व्यवस्था पाहिलेले जर्मन तज्ज्ञ डीट्रिश ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख.

खरा घाव १८७८ च्या जंगल कायद्याचा. लोक पिढ्यानपिढ्या जंगल वापरत आले, तो त्यांचा हक्क नसून सरकारनं चालू दिलेली सवलत आहे, असं बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं. ब्रँडिस मधला मार्ग सुचवत होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेनंही विरोध नोंदवला. पण कायद्यावर छाप पडली ती बेडन-पॉवेलची. जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग झाले. ग्रामवन बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं.

एका शब्दाच्या फरकानं केवढा अनर्थ झाला! कालपर्यंत ऐनाची फांदी छाटणारा कुणबी, ठाकूर, वारली आता गुन्हेगार ठरू लागला. टहाळ नाही तर राब नाही, आणि राब नाही तर रोप नाही. ठाणे-कुलाब्यातला (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्याच्यापुढेही होताच.

हीच खदखद १९३० च्या जंगल सत्याग्रहात उफाळली. विदर्भात पुसदला तिथले नेते बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर गोळीबार झाला आणि माणसं मेली.

कायद्याच्या नावातच ‘हक्क’ हा शब्द यायला २००६ उजाडलं, वनहक्क कायदा झाला तेव्हा. त्याखाली जमिनीवर दावा करायचा तर जुनी वहिवाट दाखवावी लागते. म्हणून आदिवासी घरांतून पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या आणि जंगलखात्यानं अतिक्रमणासाठी ठोठावलेल्या दंडाच्या जीर्ण पावत्या पुरावा म्हणून पुढे आल्या.