घुंगरं काढलेली बैलगाडी

सोलापुरातल्या जुन्या घरांत 'मोगलाईतनं आलेले' हे शब्द अजून कानावर पडतात. मोगलाई म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. सोलापूर इंग्रजी मुलखात. नळदुर्ग, तुळजापूर निजामाच्या. १९४७-४८ मध्ये रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, जाच वाढला, तशी तिकडची माणसं बिऱ्हाड गाडीत टाकून सोलापूर-बार्शीकडे आली.

आमच्या शेजारच्या आजी तेव्हा आठ वर्षांच्या. रझाकार त्यांनी पाहिलेच नाहीत. त्यांच्या लक्षात राहिलंय ते एवढंच, की रात्री निघताना वडिलांनी बैलांच्या गळ्यातली घुंगरं सोडली आणि लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली. आवाज नको म्हणून. "घुंगरांबिगर बैल चालत्यात का?" याच काळजीनं त्या रात्रभर जाग्या होत्या.

निर्वासित मुलांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या अशाच आठवणींवर उभ्या राहतात, आणि फार उशिरा येतात. ज्यू घरातली लेखिका जुडिथ केर १९३३ मध्ये नऊ वर्षांची असताना आई आणि भावाबरोबर बर्लिन सोडून निघाली; वडील आधीच निसटले होते. त्यावरचं तिचं 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' आलं १९७१ मध्ये. त्यातल्या ॲनाला एकच खेळणं नेता येतं. ती नवा लोकरी कुत्रा उचलते, जुना ससा मागे राहतो. हे पुस्तक लिहायला निमित्त झालं ते एका गोडगोड सिनेमाचं. तो पाहून केर यांच्या मुलाला वाटलं, आपल्या आईचं लहानपण असंच गेलं असणार!

फाळणीबाबत तर दोन पिढ्या गेल्या. अमेरिकी लेखिका वीरा हिरानंदानी यांच्या वडिलांचं कुटुंब सिंधमधल्या मीरपूर खासहून आलेलं. त्यावर बेतलेली 'द नाइट डायरी' २०१८ ची. बारा वर्षांची निशा गेलेल्या आईला डायरीतून पत्रं लिहिते. 

आपल्याकडच्या गोष्टीत मात्र एक अडचण आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेनं आत शिरली, १७ ला निजाम शरण आला. शाळेतला धडा इथं संपतो. पुढच्या दिवसांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं बळींचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं बाहेरच आला नाही. त्या घरांतही आठ वर्षांच्या मुली होत्याच. माझ्या मते, या भागावरची कादंबरी दोन्ही मुलींना घेऊन लिहिली नाही तर ती अर्धीच होईल. शिवाय लिहिणाऱ्याला १७ तारीख ठाऊक असते, गाडीतल्या मुलीला नसते. बहुतेक लेखक इथंच घसरतात आणि मुलीच्या तोंडी मोठ्यांचं शहाणपण घालतात.

आजींना विचारलं, घुंगरांचं काय झालं? परतल्यावर पुन्हा बांधली, म्हणाल्या. पण एकाच बैलाला. दुसरा सोलापूरच्या बाजारात विकावा लागला होता.