भित्तिलेपचित्रण, प्रबोधनकालीन

ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावून भव्य भित्तिचित्रे रंगविण्याची इटालियन पद्धती. ती मुळात प्राचीन. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तिचा परमोत्कर्ष झाला. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी (सु. १४००) याने तिची कृती सविस्तर लिहून ठेवली आहे.

भिंतीवर प्रथम चुना-वाळूचा खरबरीत थर (आरिच्चो) देत. त्यावर एका दिवसात रंगवून होईल तेवढ्याच भागावर गुळगुळीत थर (इंतोनाको) चढवीत. सुकताना चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतो व तयार होणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटात रंग पक्के होतात. डिंक वा सरस लागत नाही. न रंगविलेला गिलावा संध्याकाळी कापून टाकीत. दिवसाच्या या तुकड्यांच्या (जोर्नाता) सांध्यांवर नंतरचा गिलावा आधीच्यावर किंचित चढलेला असतो, त्यावरून कामाचा क्रम लावता येतो. ॲझुराइटसारखे निळे रंग सुक्या भिंतीवर चिकटद्रव्यासह लावीत. ख्रिस्तमाता मेरीच्या वस्त्रांचा निळा रंग अनेक ठिकाणी झडला आहे, तो यामुळेच.

रेखाटन भिंतीवर कसे उतरवीत, हा वादाचा विषय आहे. जुन्या पद्धतीत आरिच्चोवर गेरूने आराखडा (सिनोपिया) काढीत. मात्र इंतोनाको चढताच तो झाकला जाई. पीसा येथील कांपोसांतो या दफनभूमीच्या वास्तूला १९४४ मध्ये आग लागली; त्यानंतर तेथील चित्रे उतरवताना असे आराखडे मोठ्या संख्येने उजेडात आले. पूर्णाकृती कागदी रेखाटन (कार्टून) सुमारे १४५० नंतर रूढ झाले. त्यावरील रेषा टोचून कोळशाची पूड पुरचुंडीने थोपटीत, किंवा अणकुचीदार दांडीने त्या ओल्या गिलाव्यात दाबून उमटवीत. कार्टून आले आणि सिनोपिया संपला, असे पूर्वी मानले जाई. तथापि नक्षीच्या किनारींसाठी टोचलेले कागद चौदाव्या शतकातही वापरात होते. तेव्हा दोन्ही पद्धती दीर्घकाळ बरोबरीने चालल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चित्रकार मासात्चोच्या ‘त्रिमूर्ती’ (ख्रिस्ती त्रैक्य) या चित्रात (सु. १४२५–२८) तर मेरीच्या आकृतीवर, लहान रेखाटन प्रमाणात मोठे करण्यासाठी गिलाव्यात कोरलेली चौकटींची जाळी दिसते.

व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलच्या छतावर (१५०८–१२) मायकेलँजेलोने टोचणे व कोरणे या दोन्ही रीती वापरल्या. खिडक्यांवरील अर्धवर्तुळाकार भाग मात्र त्याने बहुधा कार्टूनशिवाय रंगविले. १९८० नंतरच्या सफाईत निघालेला काळसर थर मायकेलँजेलोनेच दिलेला होता, असा आक्षेप घेतला गेला. तो धूर व नंतरच्या सरसाचा होता, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ सुक्या भिंतीवरचे असल्याने या पद्धतीत मोडत नाही. अजिंठ्याची चित्रेही नाहीत. व्हेनिसच्या दमट, खाऱ्या हवेत असे काम टिकत नसे. तेथे मोठ्या चित्रांसाठी कॅनव्हास पसंत केला गेला.