मानवशास्त्र म्हणजे फक्त कवट्या आणि आदिवासी?

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यात हमखास ऐकू येतं, 'मानवशास्त्र घेऊन काय करणार? कवट्या मोजायच्या, नाहीतर आदिवासी पाड्यांवर फिरायचं. आपल्या जिल्ह्यात त्याचा काय संबंध?' मानवशास्त्र म्हणजे माणूस आणि त्याचा समाज यांचा अभ्यास. त्यामुळे हा समज चुकीचा आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच पाटण तालुक्यात आहे.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवट्यांचाच अभ्यास केला होता, हे खरं. पण पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी नातेसंबंध, जात, कुटुंब हे विषय हाताळले. लेखिका जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी पाटण तालुक्यातल्या कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या माणसांची पाहणी केली; ती 1969 साली प्रसिद्ध झाली. गाव पाण्याखाली गेलं की भावकीचं काय होतं, नव्या जागी सोयरीक कुठे जुळते, देव कुठे बसतो, असे प्रश्न मानवशास्त्रच विचारतं. मोबदल्याच्या कागदावर ते येत नाहीत, म्हणून मला हा विषय फार मोलाचा वाटतो.

शारीरिक मानवशास्त्र ही एक शाखा झाली. सामाजिक, भाषिक, पुरातत्त्वीय याही आहेत. आदिवासी समाजांचा अभ्यास महत्त्वाचाच, पण ऊसतोड टोळ्या, लोणंद-फलटणवरून जाणारी वारी, दवाखान्यातले रुग्ण हेही याच विषयात येतात. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येतो.